सभासदांना न विचारता

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आमच्या हाती लागलं आहे. २०२५ साली मोबाइलवाल्या कंपन्यांनी आपापल्या पडद्यांचे जे रंगरूप बदलले, त्यावर जगभर भरपूर आरडाओरडा झाला. पण रीतसर नोटीस काढून, सूचक-अनुमोदकासह निषेध करणारी ही पहिलीच संस्था असावी. संस्थेचं नाव गाळलं आहे. सभासदांच्या जागी फ्लॅट नंबर ठेवले आहेत. भाषा सेक्रेटरींची.

सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये बोलावण्यात आली होती. गणपूर्ती नसल्याने ती अर्धा तास तहकूब झाली. या अर्ध्या तासात उपस्थित सभासद आपापल्या मोबाइलमध्ये पाहत होते. ज्याच्याविरुद्ध सभा बोलावली त्याच्यामुळेच वेळ बरा गेला, याची नोंद घ्यावी, असे ए-१०२ यांनी सुचवले. नोंद घेतली. साडेदहा वाजता त्याच जागी, गणपूर्तीची अट न लावता सभा सुरू झाली.

विषय १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

मागील सभेत गेटला करडा रंग द्यावा की तपकिरी, यावर पावणेदोन तास चर्चा होऊन उपसमिती नेमली होती. उपसमितीची बैठक झालेली नाही. इतिवृत्त कायम.

विषय २ : ऑगस्ट महिन्यात कॉलचा पडदा परस्पर बदलल्याबाबत.

चेअरमन म्हणाले की, गणपती तोंडावर आलेले असताना एके सकाळी उठून पाहतो तर फोन ओळखू येईना. आकडे फुगलेले, बटणे गोल गरगरीत. फोन उचलायला वर सरकवायची सवय. आता आडवे सरकवा म्हणतो. 'आवडते' आणि 'अलीकडचे' असे दोन कप्पे होते, ते मोडून एकच 'होम' केले. "आपल्याला साधा गेटचा रंग बदलायचा तर नोटीस काढावी लागते, आणि यांनी एका रात्रीत कोट्यवधी लोकांचे फोन बदलले. कुणाला विचारलं?"

ए-७०१ आयटीत आहेत. त्यांनी खुलासा केला की हा गूगलच्या फोन ॲपचा 'मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह' नावाचा नवा अवतार आहे. बदल कंपनीने आपल्या सर्व्हरवरूनच चालू केला, त्यामुळे त्या दिवशी काहीही डाउनलोड न करणाऱ्यांचाही पडदा बदलला. खिशातून फोन काढताना चुकून कॉल घेतला किंवा कापला जाऊ नये, म्हणून आडवे सरकवणे आणले.

बी-४०३ काकूंनी विचारले की, आम्ही फोन खिशात कधी ठेवतो? साताऱ्याच्या भाऊजींचा फोन त्यांच्या हातून तीनदा कापला गेला. भाऊजींनी चौथ्यांदा केलाच नाही. आता ते लग्नाची पत्रिका पोस्टाने पाठवतो म्हणाले आहेत.

सी-२०१ आजोबांनी आपला फोन हॅक झाला असे समजून बँकेत जाऊन दोन्ही कार्डे बंद करून आणली. ती अद्याप चालू झालेली नाहीत. हा सरकारचाच डाव आहे, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकला, याची विचारणा झाली. तो अकरा जणांनी टाकला होता. विषय पुढे नेण्यात आला.

संकटकाळी उपाय शोधून काढला तो वॉचमनमामांनी. ॲपवर बोट दाबून धरायचे, 'ॲप इन्फो'त जायचे, वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबे दाबायची आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करायचे, की जुना पडदा परत. मामांनी दोन दिवसांत चारही विंगचे फोन पूर्ववत करून दिले. एका फोनला एक चहा, असा दर होता. मामांचे आभार मानण्यात आले. चहाचा खर्च किरकोळ खाती टाकण्यास खजिनदारांनी हरकत घेतली.

विषय ३ : काच.

हा विषय आयफोनधारक सभासदांपुरता असल्याने बाकीच्यांनी तो विशेष आवडीने ऐकला.

ए-७०१ यांनी निवेदन केले. ॲपलने ९ जून २०२५ रोजी 'लिक्विड ग्लास' नावाची नवी सजावट जाहीर केली. बटणे, पट्ट्या, सूचना सगळे काचेसारखे. मागचे पुढे दिसते. आवृत्तीचा क्रमांक १८ होता, तो एकदम २६ केला. खजिनदारांनी येथे थांबवून विचारले की, मधल्या सात आकड्यांचे काय झाले? पुढच्या वर्षाशी जुळवून घेतले, असे उत्तर मिळाले. ऑडिटमध्ये हे चालणार नाही, असे खजिनदारांनी नोंदवले.

ही आवृत्ती आपल्याकडे १५ सप्टेंबरला रात्री साडेदहाच्या सुमारास आली. ऐन पितृपक्षात नवीन काही घेऊ नये, हे कंपनीला कोणी सांगितले नव्हते काय, असे बी-४०३ यांनी विचारले. त्यावर ए-७०१ यांनी लक्षात आणून दिले की, त्याच पंधरवड्यात, १९ सप्टेंबरला, नवा आयफोन घ्यायला बीकेसीच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या होत्या. रांगेत आपले कोणी होते काय, याचा तपशील सभेत मागू नये, अशी विनंती ए-५०२ यांनी केली. मान्य.

काचेचा प्रत्यक्ष त्रास सी-३०४ यांनी फोन फिरवून दाखवला. त्यांच्या पडद्यावर विठ्ठलाचा फोटो आहे. त्यावर गॅस सिलिंडर आल्याचा मेसेज उमटला, तो पांडुरंगाच्या तुळशीमाळेत असा मिसळून गेला की वाचता येईना. एजन्सीचा माणूस खालून परत गेला.

ए-७०१ म्हणाले की, ही ओरड कंपनीच्या कानावर आधीच गेली होती. चाचणीच्या आवृत्तीत जुलैमध्ये काच धूसर केली, तर लोक म्हणाले मजा गेली. त्याच महिन्यात ती पुन्हा लख्ख केली. अखेर ३ नोव्हेंबरला २६.१ आणून 'नितळ' की 'रंगीत' हे ज्याचे त्याने ठरवावे, असे करून टाकले. म्हणजे त्यांचीही उपसमिती झाली नाही, असा शेरा चेअरमननी मारला. ज्यांना तेवढ्यानेही वाचता येत नाही त्यांनी सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन पारदर्शकता कमी करावी, अशी सोय आहे. येथे काही सभासदांनी खजिनदारांकडे पाहिले. खजिनदारांनी पाणी मागितले.

सी-२०१ आजोबांनी जुन्या आठवणी सांगितल्या. २००७ साली विंडोज व्हिस्टानेही खिडक्यांना काच बसवली होती. तेव्हा कॉम्प्युटर दमायचा, आता माणूस दमतो. २०१३ साली ॲपलने सातव्या आवृत्तीत सगळे सपाट केले, तेव्हा पडद्यावरच्या हालचालीने लोकांना मळमळू लागले आणि ती हालचाल कमी करण्याची सोय कंपनीला वाढवून द्यावी लागली. "तेव्हा ज्याला शिव्या घातल्या, तेच सपाट रूप गेलं म्हणून आज तुम्ही सुतक पाळताय," असे म्हणून ते खाली बसले. यावर कोणी बोलले नाही.

विषय ४ : अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरणे व फोन मंदावणे.

नवीन फोन खपावा म्हणून जुना मुद्दाम मंद करतात, असा आरोप बी-६०२ यांनी केला. ए-७०१ यांनी दोन्ही बाजू मांडल्या. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत फोटो, फायलींची नव्याने मांडामांड करतो, त्यामुळे एक-दोन दिवस बॅटरी खातो. तेवढ्यावरून सर्व्हिस सेंटरला पळू नये. पण संशय अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपणच कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले, माफी मागितली आणि भारतात ६,५०० रुपयांची बॅटरी २,००० वर आणली. इटलीने २०१८ साली अपडेटवरूनच ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्सने २०२० साली ॲपलला अडीच कोटी युरो केला.

आपल्याला त्यातले किती मिळाले, असे बी-६०२ यांनी विचारले. काही नाही. विषय संपला.

विषय ५ : 'नको' म्हणण्याचा सभासदाचा हक्क.

डी-१०१ वकील आहेत. त्यांनी फोनवर आलेली सूचना वाचून दाखवली : आता करा, आज रात्री करा, उद्या आठवण करा. "यात 'नको' कुठे आहे? फाशी द्यायची की नाही हे विचारतच नाहीत. वार कुठला सोयीचा, एवढंच विचारतात."

मग अपडेट करूच नये, अशी सूचना आली. वकीलसाहेबांनीच ती खोडली. चोरट्यांनी शोधलेली भगदाडे बुजवण्याचे कामही याच गाठोड्यात असते. गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलवावा आणि त्याने स्वयंपाकघर जांभळे रंगवून जावे. रंग नको म्हटले तर नळ गळत राहतो. ॲपलने १५ सप्टेंबरलाच जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी १८.७ ही नुसत्या डागडुजीची आवृत्तीही काढली होती, हे ए-७०१ यांनी प्रामाणिकपणे सांगितले. ती कोणी घेतली होती काय? कोणालाच माहीत नव्हती.

या वेळी वॉचमनमामांना बोलण्याची परवानगी देण्यात आली. ते म्हणाले, "साहेब, मला असला काहीच त्रास नाही. माझ्या फोनला अपडेटच येत नाही." सभेत टाळ्या झाल्या. मामा पुढे म्हणाले की, फोन जुन्या बाजारातला आहे, कंपनीने त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडले. परवा बँकेचे ॲप म्हणाले की या फोनवर आता मी चालणार नाही. तेव्हापासून पगार काढायला रांगेत उभा राहतो. आपल्याला बदल येतात म्हणून रडायचे की त्यांना येत नाहीत म्हणून, हे सभेला ठरवता आले नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम झाला आहे : एखादे मॉडेल विकणे बंद केल्यावरही निदान पाच वर्षे अपडेट पुरवावे लागते. मामांनी युरोप कोणत्या बाजूला लागते, असे विचारले.

ठराव क्र. १ : कॅलिफोर्नियातील दोन्ही कंपन्यांचा तीव्र निषेध. सूचक बी-४०३, अनुमोदक सी-३०४. एकमताने मंजूर. निषेधाचे पत्र इंग्रजीत कोणी लिहायचे, यावर एकमत न झाल्याने ते फोनकडूनच लिहून घ्यावे असे ठरले. फोनने फार नम्र पत्र लिहिले. त्यात कंपनीचे अभिनंदन आहे. तेच पाठवले.

अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

प्रस्तुत सेक्रेटरींनी निवेदन केले की, गेली नऊ वर्षे आपण देखभाल शुल्कात वाढ मागतो आणि नऊ वर्षे सभा उधळली जाते. आजच्या चर्चेतून कार्यपद्धतीतील आपला दोष ध्यानात आला. आपण विचारतो. यापुढे बदल रात्री करावा. कारण लिहिताना 'किरकोळ त्रुटींचे निवारण व एकूण अनुभवात सुधारणा' एवढेच लिहावे. ओरड झाल्यास दोन महिन्यांनी दहा रुपये मागे घ्यावेत, म्हणजे सभासद आभार मानतात. सभासद जेवणाच्या घाईत होते. आक्षेप आला नाही. चेअरमन यांचे आभार मानून सभा संपली.

त्यानुसार सर्व सभासदांच्या फोनवर त्याच रात्री दोन वाजता 'देखभाल शुल्क, आवृत्ती २६' पाठवण्यात आली आहे. सोबतची चाळीस पानांची अटी-शर्तींची फाइल कोणी उघडली नाही. जे सभासद वीजबिलातला पैसान् पैसा तपासतात, त्यांनीही नाही. हे इतिवृत्त लिहीपर्यंत ६४ पैकी ६१ सभासदांनी 'मान्य' दाबले आहे. उरलेल्या तिघांनी 'उद्या आठवण करा' निवडले आहे.

त्यांना उद्या आठवण करण्यात येईल.