कबड्डीचा जाणकार

कबड्डीचा जाणकार हा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सर्वत्र आढळणारा इसम आहे. तो खेळाडू नसतो, पंच नसतो, प्रशिक्षकही नसतो. आपल्या गावच्या महाविद्यालयाचा संघ शेजारच्या गावच्या महाविद्यालयाला यंदा हरवणार की नाही, हे सामन्याआधी महिनाभर सांगत राहणे आणि सामना झाल्यावर उरलेले अकरा महिने त्याचा खुलासा करणे, हे त्याचे कार्य. या कार्याला मानधन नाही. चहा मिळतो, तोही बहुधा दुसऱ्याच्या खात्यावर. त्या महाविद्यालयात शिकलेले असण्याची अट नाही. बारावीला इंग्रजीत अडकलेला जाणकार "आमचं कॉलेज" म्हणतो तेव्हा कुणी हरकत घेत नाही, कारण तिथून पदवी घेतलेले लोक नोकरीच्या शोधात पुण्याला गेलेले असतात आणि अभिमान बाळगायला गावात कुणीतरी लागतेच.

जाणकाराच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. २०११ साली नागपूर विद्यापीठातून हे दोन जिल्हे वेगळे काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याआधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नागपूर-वर्ध्याचे संघही समोर येत, आणि आपला संघ लवकर परतला तर "नागपूरवाल्यांनी हरवलं नाही, नागपूरनं हरवलं" असे म्हणून विदर्भातल्या सर्व अन्यायांच्या यादीत आणखी एक भर घालता येई. विद्यापीठ घरी आले आणि ही सोय गेली. आता दोष द्यायला फक्त शेजारचे तालुके उरले. जाणकाराने हा बदल फार लवकर आत्मसात केला.

त्याचा हंगाम पावसाळा सरताना सुरू होतो आणि थंडी पडेपर्यंत चालतो. वावर बसस्थानकासमोरच्या चहाटपरीवर आणि तिला लागून असलेल्या पानठेल्यावर. पानठेला महत्त्वाचा, कारण चर्चेची गती खर्ऱ्यावर ठरते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक मत तयार होते. खर्रा तोंडात गेला की जाणकार काही काळ फक्त मान आणि बोटांनी बोलतो. हा काळ प्रतिपक्षाने वापरून घ्यायचा असतो. जाणकाराच्या आवेशाचे मूळ मात्र कोणत्याही पेयात शोधू नये. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ होती. या दोन्ही जिल्ह्यांतल्या जाणकारांच्या आवाजात या काळात काहीही फरक पडला नाही.

जाणकारांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला आकडेवाला. हा २०१४ साली प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर आली त्यानंतरचा. तो चढाईला 'रेड' म्हणतो, दहा गुणांना 'सुपर टेन' म्हणतो आणि आपल्या संघाच्या चढाईपटूचा 'स्ट्राइक रेट' टक्क्यांत सांगतो. तालुक्याच्या मैदानावर गुणपत्रकाशिवाय काहीही नोंदले जात नसल्याने हे टक्के तो स्वतःच काढतो, आणि ते दर चहाला थोडे वाढतात. दुसरा इतिहासवाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकांसाठी आला, या दोन गोष्टी तो दर वेळी सांगतो. उद्याच्या सामन्याशी त्यांचा संबंध काय, असे विचारले तर "खेळ विदर्भाच्या रक्तात आहे" हे उत्तर मिळते. समोरचा संघही विदर्भातलाच आहे, हे त्याच्या लक्षात आणून देऊ नये.

तिसरा मातीवाला. त्याच्या मते मॅट आली आणि कबड्डी संपली. गावच्या मैदानात नांगरलेल्या, पाणी शिंपडलेल्या मातीवर अनवाणी खेळलेला पोरगा मॅटवर बूट घालून उभा राहिला की त्याचा पायच बसत नाही, असे तो सांगतो. यात तथ्य आहे. मॅटवर वळणे जलद होते, घसरण्याचा हिशेब बदलतो, आणि वर्षभर मातीवर सराव करणाऱ्या संघाला ते एका दिवसात जमत नाही. पण आपला संघ मॅटवर जिंकला की "मातीत घडलेले पोट्टे आहेत" आणि हरला की "मातीत घडलेले पोट्टे आहेत", अशी दोन्हीकडे एकच वाक्य वापरण्याची सवय असल्याने त्याच्या तथ्याला कुणी किंमत देत नाही.

चौथा प्रकार नातेवाल्याचा. हा सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी. कोणता खेळाडू कोणत्या गावचा, त्याचा मामा कुठे, बहीण कुठे दिली, घरी किती एकर धान, वडील कोणत्या पतसंस्थेत अडकले, हे सगळे त्याला पाठ असते. त्याचे विश्लेषण साधारण असे चालते:

"यंदा आपली टीम निघते गा."

"कशी निघते? डावा कोपरा गेला ना धान कापाले."

"उजवा हाय ना मंग."

"उजवा एकटा काय करते जी? त्याची मामेबहीण त्याच गावात देली हाय. तो तिकडच्या पोट्ट्याले जोरानं धरन का?"

हे ऐकायला विनोदी वाटले तरी या भागातल्या संघाचे बलाबल समजून घ्यायचे तर नातेवाल्याचेच ऐकावे लागते. कारण संघ मैदानावर कमी आणि मैदानाबाहेर जास्त ठरतो. वैनगंगेच्या खोऱ्यातले मुख्य पीक धान, आणि धानाची कापणी नेमकी स्पर्धेच्या दिवसांत येते. पाऊस लांबला तर कापणी लांबते, कापणी लांबली तर कोपऱ्याचा खेळाडू बांधावर असतो, आणि साखळी पकड एका कडीने तुटते. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागतो. देसाईगंज-वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव प्रयोग करत फिरतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. रात्रभर नाटक पाहून सकाळी सामन्याला उतरलेला चढाईपटू तीस सेकंदांच्या चढाईत अठ्ठावीस सेकंद विचार करतो. हे कारण कोणत्याही क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात नाही, नातेवाल्याच्या तोंडी आहे.

याहून मोठे कारण भरतीचे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते, आणि या दोन जिल्ह्यांतला चांगल्या दमाचा प्रत्येक पोरगा पहाटे डांबरी सडकेवर त्याचाच सराव करत असतो. निवड झाली की तो संघातून जातो. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला वरच्या पातळीवरचे प्रमाणपत्र लागते, म्हणून विद्यापीठाच्या संघात शिरण्याची धडपड खरी असते आणि आंतरमहाविद्यालयीन सामना नुसता करंडकाचा राहत नाही. जाणकाराला हे पक्के ठाऊक असते. "आपल्या पोट्ट्याले समोरची टीम नाही पकडत, भरती पकडते," हे वाक्य त्याच्याच टपरीवर जन्माला आले आहे. संघ तीन वर्षांत बदलतो. जाणकार बदलत नाही. त्यामुळे संघाची सलग आठवण ठेवणारी गावातली एकमेव संस्था तोच.

जाणकार पूर्ण तेजाने पाहायचा तर चिमूर आणि ब्रह्मपुरी यांचे संघ समोरासमोर येण्याची शक्यता निर्माण झाली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातली ही दोन तालुक्याची गावे, आणि दोघांचीही जुनी मागणी एकच: आपल्याला जिल्हा करा. जिल्ह्याचे मुख्यालय दोन ठिकाणी असू शकत नसल्याने या मागणीत समोरचे गाव कायम आडवे येते. शासनाचा निर्णय होईपर्यंत हा वाद मिटवायला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढीच जागा उपलब्ध आहे, अशी दोन्हीकडच्या जाणकारांची समजूत आहे.

चिमूरचा जाणकार बोलायला लागला की १६ ऑगस्ट १९४२ च्या क्रांतीपासून सुरुवात करतो. इंग्रज सरकारला हादरवणारे गाव एका बोनस गुणाने हरेल हे त्याला पटत नाही. मग तो बालाजीच्या घोडायात्रेवर येतो, आणि शेवटी लोकसभा मतदारसंघावर. मतदारसंघाचे नाव गडचिरोली-चिमूर आहे, ब्रह्मपुरीही त्याच मतदारसंघात आहे पण नावात नाही, यावरून अंतिम निकाल उघड असल्याचे तो सांगतो. ब्रह्मपुरीचा जाणकार शांतपणे रेल्वेचा उल्लेख करतो. ब्रह्मपुरीला स्थानक आहे, चिमूरला गाडीच जात नाही. त्यानंतर तो दवाखाने मोजतो, महाविद्यालये मोजतो आणि विचारतो की सामन्यात कुणाचे मनगट उतरले तर चिमूरकर कुठे येणार? या संपूर्ण चर्चेत चढाईपटू किंवा कोपरा यांचे नाव निघेलच असे नाही. निघाले तर वाद खालच्या पातळीवर आला असे समजले जाते.

एवढ्या सामग्रीतून जाणकार जो अंदाज काढतो त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तो "जिंकणार" किंवा "हरणार" असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, "पहिल्या हाफात लोण नाही बसला, डावा कोपरा टिकला आणि पंच बरोबर राहिला, तर आपलीच आहे." एका अंदाजात किमान तीन अटी असतात आणि त्यांतली एक पंचाच्या चारित्र्याबद्दल असते. निकाल काहीही लागो, तीनपैकी एक अट मोडलेली सापडतेच. या रचनेमुळे आजवर कोणत्याही जाणकाराचा कोणताही अंदाज चुकलेला नाही. तरीही पैजा लागतात. पैज तर्रीवाल्या आलूबोंड्याची असते, आणि हरलेला जाणकार ती "पुढच्या मॅचमध्ये वळती करू" म्हणून पुढे ढकलतो. काही पैजा नागपूर विद्यापीठाच्या काळापासून वळत्या होत आल्या आहेत.

सामन्याच्या दिवशी जाणकार गुणलेखकाच्या टेबलामागे उभा राहतो. ती जागा आयोजकांनी कुणालाच दिलेली नसते. बोनस रेषेकडे चढाईपटूचा पाय सरकला की तो "बोनस!" ओरडतो. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच बोनस मिळतो, हा नियम त्याला माहीत असतो, पण मोजत बसायला वेळ नसतो. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त मिळतो, म्हणून आपल्या संघाचे तीनच उरले की तो "आता बरोबर आलं" म्हणतो आणि चार जण का बाद झाले हा प्रश्न टाळतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्याचा आवाज बंद होतो. त्या काळात तो मनातल्या मनात दोन्ही निकालांची भाषणे तयार करत असतो.

पराभवानंतरचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या आठवड्यात पंच दोषी असतो, दुसऱ्यात मॅट, तिसऱ्यात नाटक. महिना उलटला की खेळाडू दोषी ठरतात, पण ते गावातच दिसत असल्याने हा टप्पा हळू आवाजात उरकला जातो. विजयानंतरचा क्रम छोटा आहे: "म्या काय म्हटलं होतं?" या प्रश्नाचे उत्तर कुणी देत नाही, कारण त्याने काय म्हटले होते हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.

जाणकाराच्या ज्ञानाची एक मोठी सीमा सांगणे आवश्यक आहे. मुलींचा संघ तिच्या पलीकडे पडतो. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे, डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, एवढेही बहुतेक जाणकारांना सांगता येत नाही. त्यांच्याबद्दल अंदाज निघत नाही, अटी लागत नाहीत, पैजा होत नाहीत. मुली सकाळच्या बसने जातात, खेळतात आणि कधी करंडक घेऊन संध्याकाळच्या बसने उतरतात. टपरीवरचे जाणकार तो करंडक पाहून प्रथम विचारतात, "कशाचा हाय गा?" महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक दोन्ही संघांना सराव देतात आणि अंदाज विचारला तर "बघू" एवढेच म्हणतात. त्यामुळे त्यांची जाणकारांत गणना होत नाही.

जाणकार घडतो कसा, याची एक वाट बहुतेकांना समान आहे. तो कधीकाळी संघाचा राखीव खेळाडू असतो. सातांच्या बाहेर बसून त्याने इतके सामने पाहिलेले असतात की आत न जाता मत बनवण्याची कला त्याच्या अंगी मुरते. चाळिशी ओलांडली आणि आवाज शाबूत असला तर त्याला बढती मिळते. हिवाळ्यात गावोगाव रात्रीच्या प्रकाशात कबड्डी स्पर्धा होतात, तिथे समालोचक म्हणून त्याच्या हाती माइक दिला जातो. माइक हाती आल्यावर अंदाज सांगता येत नाही, समोर जे घडते तेच सांगावे लागते. आश्चर्य म्हणजे ते तो फार चांगले सांगतो. कोण कोणत्या गावचा, कुणाची चढाई कशी, कुणाचा गुडघा दुखतो, हे त्याला खरोखरच माहीत असते. आयोजकांना हे आधीपासून ठाऊक असते, म्हणून ते त्याला माइक देतात, आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळात तो आठवणीने बंद करतात.