तळपारखी

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक कंपूत एक तळपारखी असतो. चालण्यात तो मधला, गाण्यात शेवटचा, आणि खाण्यात तर कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. त्याचं सगळं कर्तृत्व निघण्याच्या आधीचं. सव्वीस जानेवारीला शनिवार-रविवार जोडून येतोय, हे त्याला दिवाळीतच नव्या कालनिर्णयात दिसलेलं असतं. त्याच पानावर तो तिथी बघतो. कृष्ण पक्षातली अष्टमी असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार, म्हणजे संध्याकाळच्या उतरणीला त्याचा उपयोग शून्य, अशी नोंद तो पेन्सिलीने करतो. बाकीच्या घरात त्या पानावर दूध आणि गॅसच्या नोंदी असतात.

मग ग्रुपवर घोषणा होते. सह्याद्रीतला एक तळ, तीन दिवस, तीन डोंगर, रोज सकाळी हलक्या पाठपिशवीनं निघायचं आणि अंधाराआधी तळावर परतायचं. सोमवारी संध्याकाळपर्यंत दीड डझन लोक ‘मी इन’ म्हणून मोकळे होतात. तळपारखी त्यांना थोपवत नाही. त्याला ठाऊक असतं की पहिला तक्ता पाठवला की निम्मे जातात, आणि ‘पहाटे साडेपाचला निघायचं’ हे वाचून उरलेल्यांतले निम्मे.

तळ निवडणं हा त्याचा खरा डोंगर. कोथरूडमध्ये टू बीएचके घेणारा माणूससुद्धा एवढ्या चौकशा करत नाही. पाणी किती अंतरावर? विहीर की हातपंप? वारा कुठून येतो? वर वाळकी फांदी नाही ना? जागा कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर नाही? शेजारी कोण? सखल भागात तो कधीच तंबू लावू देत नाही. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत खोलगटात साचते, हे तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला जानेवारीतच नव्हे, मे महिन्यातही हुडहुडी भरावी. कड्याला आग्या मोहोळ आहे का, हाही त्याचा एक रकाना आहे. त्यामुळे अत्तर आणि सुगंधी तेल लावून येणाऱ्याला तो मागच्या गाडीत बसवतो.

या वेळी प्रांत ठरला अकोल्याचा पश्चिम भाग, कळसूबाई ते हरिश्चंद्रगडाच्या मधला. पहिलं नाव अर्थातच भंडारदऱ्याचं. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं, जलाशयाला आर्थर लेक म्हणतात, काठावर शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात आणि प्रत्येक रांगेला स्वतःचा स्पीकर असतो. तळपारख्यानं एका वाक्यात निकाल दिला, ‘‘पाणी उत्तम, माणसं नकोत.’’ शिवाय पाण्याकाठी पहाटे तंबूच्या आतल्या अंगाला एवढं दव धरतं की झोपेतच अंघोळ होते, ही पुरवणी. घाटघर दुसरं. तिथून कोकणात कोसळणारा कडा पाहून सगळे हरखले. त्यानं वाऱ्याचा हिशेब काढला आणि म्हणाला, ‘‘आपण घाटावर झोपू, तंबू कोकणात.’’ रतनवाडीला अमृतेश्वराचं देखणं मंदिर आहे, पुष्करणी आहे, पण त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या वाटेला ती उलट बाजूला पडते. उरलं साम्रद. गावाला खेटूनच सांदणची घळ, पलीकडे रतनगडाच्या त्र्यंबक दरवाज्याकडे जाणारी वाट. तक्त्यात साम्रदपुढे हिरवा रंग भरला गेला.

इथे एका मैत्रिणीने विचारलं, ‘‘तिथे संडास आहे का?’’

ग्रुपवर बराच वेळ शांतता. तळपारख्याच्या तक्त्यात वाऱ्याची दिशा होती, मोहोळ होतं, चंद्रोदय होता. हा रकाना नव्हता. ‘‘भरपूर मोकळी जागा आहे,’’ असं त्यानं लिहिलं आणि दोन मिनिटांत पुसलं, पण तोवर सगळ्या बायकांनी वाचलं होतं. पुढची चर्चा मी सांगत नाही. तात्पर्य इतकंच की दीड महिन्याच्या अभ्यासाने निवडलेली माळावरची जागा रद्द झाली आणि साम्रदच्या एका मावशींच्या पडवीत आमचा तळ पडला. पडवी शेणाने सारवलेली, बाहेर पक्का संडास, चुलीवर पिठलं आणि नागलीची भाकरी. तीन तंबू आम्ही मुंबईहून ओझं म्हणून नेले आणि तसेच परत आणले. तळपारख्यानं मात्र पडवीचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन आत येईल, हे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नोंदवलं.

वाटा आखतानाही त्याची एक पद्धत आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 साली एक नियम मांडला. ताशी पाच किलोमीटर चाल धरा आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवा. तळपारखी नेस्मिथला मानतो, पण नेस्मिथनं आमच्यातले लोक पाहिले नव्हते, असंही त्याचं म्हणणं आहे. म्हणून त्यात तो आपले तास मिसळतो. फोटोंचे वेगळे, ‘जरा थांबू या’चे वेगळे, आणि उतरणीतल्या घसाऱ्याचे वेगळे, कारण मुरमाड उतारावर आमच्यातले काही जण पायांपेक्षा बैठकीवर अधिक भरवसा ठेवतात. सर्वांत मोलाचा त्याचा गावकरी-गुणक. मावशींना त्यानं विचारलं, करोली घाटाच्या तोंडाशी जायला किती वेळ लागेल? ‘‘हे काय, इथंच. अर्ध्या तासात जाताल. पोरं गुरं घेऊन जात्यात.’’ त्यानं वहीत लिहिलं, अर्धा तास गुणिले तीन, डोंबिवलीकरांसाठी. पुणेकरांसाठी गुणिले साडेतीन, कारण ते वाटेत उभे राहून वाट चुकलेली आहे हे सिद्ध करतात.

कळसूबाईचं नाव कुणीतरी काढलंच. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, इतक्या जवळ येऊन जायचं नाही? तळपारख्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पंगतीत पिझ्झा मागितला. ‘‘जोडून सुट्टी आहे. बारीच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, आणि प्रत्येक शिडीला रांग.’’ गर्दीची शिखरं त्याच्या नकाशावर असतात, पण कंटूर रेषांशिवाय.

पहिला दिवस त्र्यंबक दरवाज्यानं रतनगड, वरच्या नेढ्यात बसून डबा, आणि गणेश दरवाज्याकडून शिड्या उतरून रतनवाडी. तो जमला. नेढ्यात वारा असा घुसत होता की पोळीचा पदर हातात आणि भाजी कपाळावर. दुसरा दिवस सांदणचा. घळीतल्या गारठलेल्या पाण्यातून जायचं, कातळटप्पे दोरानं उतरायचे, खाली कोकणाच्या अंगाला पोचायचं, आणि मग करोली घाट चढून पुन्हा वर. उतरताना सगळे कवी होते. घाट चढताना कुणीच बोलत नव्हतं, आणि मागाहून आलेल्या एका आजोबांनी डोक्यावरचा भारा न उतरवता आम्हाला विचारलं, ‘‘दम खाताय का?’’ दोर आणि तो बांधता येणारा गावातला तरुण, या दोन्हींची सोय तळपारख्यानं आठवडाभर आधी केली होती, हे नमूद करायला हवं. ऐनवेळी दोर शोधणाऱ्या कंपूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो.

तिसऱ्या दिवशी, ‘परतीच्या वाटेवरच आहे’ या कारणाने, कुलंग. आंबेवाडी गाठायची, चढायचं, उतरायचं, घोटीमार्गे घरी. कुलंग 1470 मीटरचा गड, सह्याद्रीतल्या लांबलचक चढांपैकी एक, आणि बाजूला मदन नि अलंग. त्यानं सकाळीच बजावलं होतं, दुपारी एकला जिथे असू तिथून मागे फिरायचं. एक वाजला तेव्हा कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू झाल्या होत्या. माथा दिसत होता, टाक्यांचं पाणी जवळजवळ जिभेवर होतं.

‘‘वीस मिनिटांचं काम आहे,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘कुणाची वीस?’’ त्यानं विचारलं.

आम्ही भांडलो. नेतृत्वाविषयी, नेस्मिथविषयी, त्याच्या घड्याळाच्या कंपनीविषयीही बोललो. तो पायरीवर बसून शेंगदाण्याचा लाडू खात राहिला आणि संपल्यावर उठून खाली चालू लागला. ज्याच्याकडे गाडीची किल्ली असते, त्याच्या मागून लोक जातात. जानेवारीअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. आम्ही त्याआधी आंबेवाडीत चहा पीत होतो. वर भेटलेला, आमच्याकडे कीव करून पाहणारा दुसरा कंपू अजून डोंगरात होता. अंधार पडल्यावर त्यांच्या मोबाईलचे दिवे कारवीत भरकटताना दिसले आणि गावातले दोघे बॅटऱ्या घेऊन त्यांना आणायला गेले. तळपारखी त्यावर एक शब्दही बोलला नाही. हे त्याचं सर्वांत असह्य वागणं. टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं.

त्याच्याबरोबर पुन्हा यायचं नाही, असं गाडीत मागच्या बाकावर जवळजवळ एकमताने ठरत होतं. गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलेला आमचा एक जण तर शपथच घ्यायच्या बेतात होता. घोटीच्या आधी पुढच्या सीटवरून आवाज आला.

‘‘फेब्रुवारीत साल्हेर. राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. तळ वाघांब्याला की साल्हेरवाडीला, एवढंच ठरायचंय. संडासाची चौकशी आधी करतोय.’’

बँडेजवाल्यानं खिडकीबाहेर पाहत विचारलं, ‘‘किती वाजता निघायचं?’’

‘‘पहाटे साडेचार.’’

‘‘मी इन.’’