शिरोरेघ जाड हवी

काय म्हणता वहिनी, टीव्हीवरच्या पट्टीत ‘पाणी’चं ‘पानी’ केलं? पाहिलं मीही. आधी हा कढीपत्ता धरा, आमच्याकडे नुसता वाळून जातोय. आणि त्या पोरांना फार बोल लावू नका हो. ते चुकायचं काम मीही केलंय, तेही अख्ख्या मुंबईसमोर.

अहो, दूरदर्शनला होतो ना मी! ‘सरकारी नोकरी’ म्हणजे तुम्हाला काय वाटलं, टपाल खातं? वरळीचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. मी 1974ला लागलो, जे. जे.तून बाहेर पडल्या पडल्या. तेव्हा टीव्ही आकाशवाणीच्याच घरात राहायचा, 1 एप्रिल 1976ला वेगळं बिऱ्हाड केलं. माझं काम अक्षरं काढायचं. काळा पुठ्ठा, पांढरा पोस्टर कलर, चपटा ब्रश. ‘गजरा’ असो की ‘आमची माती आमची माणसं’, नाव हातानंच लिहायचं. पुठ्ठे स्टँडवर एकामागे एक लावायचे, कॅमेरा त्यांच्यावर रोखलेला, खूण झाली की वरचा अलगद ओढून घ्यायचा. शेवटची नामावली लांब कागदावर लिहून रुळाला गुंडाळायची आणि हँडल मारत फिरवायची. हात एका चालीत फिरला पाहिजे, नाहीतर निर्मात्याचं नाव उचकी लागल्यासारखं वर सरकायचं.

पण खरी गंमत शिरोरेघेची. टीव्हीचं चित्र 625 आडव्या रेघांचं, तेही एका दमात उमटत नाही. आधी एक सोडून एक रेघा, मग मधल्या. आपली शिरोरेघही आडवीच. ती बारीक काढलीत की एका फेरीत दिसणार, दुसरीत गडप! माझा पहिला पुठ्ठा मी कॉलेजात शिकलो तसा नाजूक, देखणा काढला होता. मॉनिटरवर पाहतो तर अक्षरं थंडी वाजल्यासारखी लुकलुकतायत. आमचे सीनियर काही बोलले नाहीत. माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि दुप्पट रुंदीचा ठेवला. गुजराती कार्यक्रमाचे पुठ्ठे आले की मी खूश, त्या लिपीला शिरोरेघच नाही. शिवाय कडेला चांगली ऐसपैस जागा सोडायची, कारण घरचे सेट कडा खायचे. नाही सोडली तर ‘कामगार विश्व’चं ‘मगार विश्व’ व्हायचं.

हां, ती चूक. हवामानाचा पुठ्ठा घाईत लिहिला, स्टँडवर लावला आणि पाहतो तर ‘हवमान’! काना खाल्लेला. कॅमेरा अजून आधीच्या पुठ्ठ्यावर होता. ब्रश आणायला वेळ कुठला? डबीत बोट बुडवलं आणि काना ओढला. रंग ओला, वर दिव्यांची भट्टी. पुठ्ठा पडद्यावर गेला आणि काना ओघळायला लागला. हळूहळू खाली, थेट तापमानाच्या आकड्यापर्यंत. थेट प्रक्षेपण, करता काय? बातम्या वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, त्या माणसांचं मला कायम कौतुक.

चाळीत टीव्ही एकच, शटरचा. मालक वर्षाला 50 रुपयांचा परवाना काढायचे आणि तो भिंतीवर दिसेलसा लटकवायचे. आमची आई तिथेच पुढे बसलेली. रात्री घरी आलो तर जिन्यातच पोरं ओरडली, ‘‘काका, ओघळ!’’ आईनं तोवर चाळभर सांगून टाकलं होतं की तो माझ्या मुलाचा आहे म्हणून.

स्मिता पाटील? बातम्या द्यायच्या तेव्हा त्या, हो. जीन्सवर साडी गुंडाळून बसायच्या म्हणतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. मी पाहिलं असं मात्र सांगणार नाही, माझं तोंड कायम पुठ्ठ्याकडे. भक्ती बर्वेही बातम्या द्यायच्या. लोक मला तेवढंच विचारतात. कुणी कधी शिरोरेघेबद्दल विचारलं नाही, एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्ही पहिल्या.

नाही हो, एकही पुठ्ठा नाही ठेवला. कार्यक्रम झाला की काळा हात फिरवून त्याच पुठ्ठ्यावर दुसऱ्या दिवशीचं नाव. 1982ला रंग आला, पुढं अक्षरं यंत्रातून उमटायला लागली आणि माझे ब्रश कपाटात गेले. अजून आहेत ते.

बरं, राग मानू नका, पण तुमच्या गेटवरची नवी पाटी. नातवानं छापून आणली ना? रेघ फार बारीक आहे. संध्याकाळी कुरिअरवाला दोनदा आमच्याकडेच आला. रविवारी पाठवा नातवाला, जाड रेघ कशी ओढतात ते दाखवतो. ब्रश माझे, रंग तुमचा.