रिमोटचं वाटणीपत्र

दुसरा टीव्ही घरात येतो तो रीतसर ठराव होऊन येत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये हॉलसाठी मोठा घेतला जातो, जुन्याचे एक्स्चेंजमध्ये अगदीच किरकोळ पैसे देऊ करतात, आणि "एवढ्यात द्यायचा त्यापेक्षा राहू दे आतल्या खोलीत" असं म्हणून तो बेडरूमच्या भिंतीवर चढतो. काही महिने त्याच्यावर नुसती धूळ बसते आणि कडेला ओले रुमाल वाळत असतात. मग एखाद्या रात्री मालिका आणि मॅच एकाच वेळी येते आणि कुणीतरी म्हणतं, "यालाही कनेक्शन घेऊन टाकू या का?" मल्टी-टीव्ही डीटीएच घ्यावं की नाही, घेतलं तर प्रीमियम की साधं, आणि एका छतावरून दोन-तीन खोल्यांत आकाश कसं वाटून घ्यावं, याचं मार्गदर्शन इथून सुरू होतं.

हे काम वाटणीचं आहे हे आधी मनाशी नक्की करावं. माहितीपत्रकात सोय, करमणूक, कुटुंबाचा आनंद असलं बरंच काही छापलेलं असतं. ते वाचावं, पण सोबत घरातला जुना-जाणता माणूस बसवून वाचावं. वाटणी मागणाऱ्याला काय हवं असतं ते त्याला बरोबर कळतं.

पाहणी

आठवडाभर संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळेत कुठलाही पक्ष न घेता हॉलमध्ये बसावं आणि रिमोट कुणाच्या हातात आहे ते टिपून ठेवावं. काय चाललंय ते टिपायची गरज नाही. आजोबांना बातम्या बघायच्या असतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या आपण लावलेल्या असाव्यात. त्याच बातम्या सुनेने लावल्या तर ते पाच मिनिटांत "काय तेच तेच दाखवतात" म्हणून उठतात. चिरंजीव मॅच मोबाइलवर बघू शकतो आणि बघतोही. पण बाबांनी मोठ्या टीव्हीवर चर्चा लावली की त्याला मोबाइलचा स्क्रीन एकदम छोटा वाटायला लागतो.

ज्या घरांत दोन कनेक्शनं आहेत तिथे रात्री आठ-साडेआठला सहज डोकावून यावं. हॉलमध्ये सासूबाई एक मालिका बघत असतात आणि आतल्या खोलीत सूनबाईही तीच बघत असतात. यावर हसू नये. मालिकेतल्या सासूच्या कारस्थानावर मोकळेपणाने मत द्यायचं तर प्रत्यक्ष सासू शेजारी नसलेली बरी, आणि सुनेच्या बाबतीतही हेच. माझ्या मते दुसऱ्या कनेक्शनसाठी एवढं एक कारण पुरेसं आहे. फॉर्मवर ते लिहायला रकाना नसतो, एवढंच.

इथे जाता जाता आठवण करून द्यावीशी वाटते. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला तेव्हा अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेऊन देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून टीव्ही पोचवला होता. गावाला एक संच. अख्खं गाव त्याच्यासमोर बसायचं आणि वाहिनी बदलायचा प्रश्नच नव्हता, कारण दुसरी वाहिनी नव्हती. काय बघायचं यावरून गावात भांडण झालं नाही, असं उपग्रह दूरचित्रवाणीच्या इतिहासात ते एकच वर्ष असावं.

हिशेब

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नव्या पद्धतीत बिलाचे दोन भाग झाले. पहिला एनसीएफ, म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी. ही वाहिन्या घरापर्यंत आणून सोडण्याची. दुसरा भाग वाहिन्यांच्या किमतीचा. सुरुवातीला एनसीएफची कमाल मर्यादा १०० वाहिन्यांना १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये ट्रायने तेवढ्याच पैशात २०० वाहिन्या द्यायला लावल्या आणि आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला नियम केला: त्याच घरातल्या दुसऱ्या, तिसऱ्या टीव्हीला ही फी पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त लावायची नाही. १३० चे ४० टक्के ५२, करासकट ६१ रुपये ३६ पैसे. त्या आकड्यावर पुष्कळ गृहस्थ हुरळले.

मेख अशी, की सवलत आणण्याच्या मजुरीवर होती, मालावर नव्हती. दुसऱ्या डब्यावरच्या पैशाच्या वाहिन्यांचा हिशेब वेगळा होतो. पॅकमध्ये बसवायच्या वाहिनीला महिना १९ रुपयांची मर्यादा आहे (मधल्या काळात ती १२ केली होती, नोव्हेंबर २०२२ च्या आदेशाने परत १९ झाली), आणि बऱ्याच लोकप्रिय वाहिन्या त्या १९ ला नेमक्या टेकून उभ्या आहेत. त्यात जुलै २०२४ मध्ये ट्रायने एनसीएफवरची मर्यादाच उठवली, आता कंपनी आपला दर आपण जाहीर करते. तेव्हा "दुसरा टीव्ही फक्त इतक्यात" हे ऐकलं की एकच प्रश्न विचारावा: वाहिन्या धरून की सोडून? समोरचा "सर, पॅक आहे ना," म्हणाला तर सोडून.

किफायतीचा मार्ग सांगतो. हॉलच्या डब्यावर घराचा सगळा पसारा ठेवावा आणि आतल्या डब्यावर मोजक्या वाहिन्या, त्याही ज्याच्या खोलीत तो आहे त्यालाच निवडायला लावाव्यात. दोन्हीकडे सगळं सारखं हवं म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. बहुधा तो रिचार्ज करत नाही.

सामाईक विहीर

छतावरची छत्री हे या वाटणीतलं एकमेव सामाईक उत्पन्न. ती एकच राहते. प्रत्येक खोलीसाठी वेगळी छत्री सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावा.

आपल्याकडचे डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ८३ ते १०८ च्या दरम्यान उभे आहेत. मुंबई-पुणे ७३-७४ अंशांवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या छत्रीला आग्नेयेकडे मोकळं आकाश लागतं, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. गॅलरी पश्चिमेला किंवा उत्तरेला असलेल्यांनी हे फ्लॅट घेताना विचारात घ्यायला हवं होतं, पण तेव्हा सगळे स्वयंपाकघराची दिशा बघत होते. आता त्यांची छत्री गच्चीवर जाणार, आणि गच्चीवर जायचं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जायचं. सेक्रेटरींना आधी त्यांच्या स्वतःच्या छत्रीबद्दल विचारावं. ती गच्चीवर सर्वांत मोक्याच्या जागी असते आणि तो विषय निघाला की परवानगी लवकर मिळते.

छत्रीच्या पुढे दांड्यावर जो छोटा डोळा असतो तो एलएनबी. सगळी गोम तिथे आहे. घरातला हौशी माणूस, बहुतेक मेव्हणा, म्हणतो, "दोनशेचा स्प्लिटर आणू, एकाच वायरीतून दोन टीव्ही चालवू." त्याला बसवून समजवावं. डबा तारेतून एलएनबीला वीज पाठवतो आणि त्या विजेच्या दाबावरून आपली मागणी सांगतो: १३ व्होल्ट म्हणजे उभ्या ध्रुवणाच्या लहरी दे, १८ म्हणजे आडव्या. आजोबांची वाहिनी उभ्यात आणि सूनबाईंची आडव्यात आली, की साध्या स्प्लिटरवर एकाच तारेतून दोन हुकूम जातात आणि एकाच्या टीव्हीवर 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येते. कुणाच्या, हे सांगता येत नाही. मेव्हणा तेव्हा आपल्या घरी गेलेला असतो. दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी लावावा, तीन-चार खोल्या असतील तर क्वाड. मग प्रत्येकाचा पाट विहिरीपासूनच वेगळा निघतो आणि कुणी कुणाचं पाणी अडवत नाही.

तार बसवायला येणाऱ्या पोराकडे पाठ फिरवू नये. तो कोॲक्सच्या तारेचं वरचं काळं आवरण दातांनी सोलतो, आतली जाळी उलटी दुमडतो, मधला तांब्याचा काटा नखाएवढा बाहेर ठेवतो आणि कनेक्टर अंगठ्याने पिळून बसवतो. जाळीचा एक केस जरी त्या काट्याला टेकला तरी चित्र गेलं, म्हणून तो फुंकर मारतो. ही फुंकर तांत्रिक प्रक्रियेचा भाग आहे. त्याला एकच सांगावं: खिडकीतून तार आत घेण्याआधी तिला बाहेर खाली एक झोळ दे. म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळून झोळाच्या तळाशी गळतं, घरात येत नाही. तो "हो काका" म्हणेल आणि तार सरळ ओढेल. पुन्हा सांगावं.

पर्जन्यविचार

डीटीएचच्या लहरी केयू बँडच्या, साधारण १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोराच्या पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखरून टाकतात. केबलवाल्याच्या मोठ्या तबकड्या सी बँडवर, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकतात, त्यांना पावसाचं एवढं काही वाटत नाही. म्हणून जुलैत आपल्याकडे निळी पाटी आलेली असताना शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडून मालिकेचं संगीत ऐकू येतं. हा अपमान प्रीमियम घेतल्याने टळत नाही.

उलट मल्टी-टीव्हीमुळे तो सर्व खोल्यांत एकदम होतो. छत्री एक असल्याने ढग दाटले की हॉल, बेडरूम, मुलांची खोली, सगळीकडे त्याच क्षणी अंधार. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी वार्षिक खर्च काढताना जून ते सप्टेंबरच्या संध्याकाळी वजा धराव्यात. सगळेजण खोल्यांतून बाहेर येऊन एकमेकांना "तुमचंही गेलं का?" विचारतात तो वेळ मात्र जमेच्या बाजूला मांडायला हरकत नाही.

प्रीमियम म्हणजे काय

एचडी घ्यावं. पडदा मोठा असेल तर फरक दिसतो, शिवाय पाहुण्यांना सांगता येतं. रेकॉर्डिंगचा डबा घेण्याआधी नीट विचार करावा. रेकॉर्ड केलेल्या मालिका बघायला निवृत्ती घ्यावी लागते आणि निवृत्त माणूस त्या थेट बघतो.

एक दोष मात्र कुणी आधी सांगत नाही. हॉलमध्ये एचडी आणि आत साधं, किंवा दोन्हीकडे वेगळ्या जातीचे डबे असले, की चित्र उलगडायला लागणारा वेळ सारखा नसतो. एक खोली दुसरीच्या सेकंद-दोन सेकंद पुढे धावते. भारत-पाकिस्तान सामन्यात गोलंदाज हॉलमध्ये अजून धावत येत असतो आणि आतून "गेला!" अशी आरोळी येते. या एका आरोळीवरून सख्ख्या भावांत आठवडाभर अबोला राहू शकतो. उपाय दोन: दोन्ही डबे एकाच जातीचे घ्यावेत, किंवा पुढे धावणारा डबा घरातल्या सर्वांत शांत माणसाला द्यावा.

घासाघीस

भाव ठरवताना आपण याचक आहोत असं मुळीच वाटू देऊ नये. पैसे भरून डीटीएच बघणारी घरं काही वर्षांपूर्वी ७ कोटींच्या वर होती. मार्च २०२५ पर्यंत ती ६ कोटींच्याही खाली आली. लोक मोबाइलवर आणि ब्रॉडबँडवर गेले, काही दूरदर्शनच्या फ्री डिशकडे वळले. तिथे डबा-छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचं बिलच नाही. ती वाट आपल्यालाही माहीत आहे, हे बोलण्यात सहज येऊ द्यावं. "आमच्या मावशींकडे फ्री डिश आहे, सह्याद्री फार छान दिसतं," एवढं पुरतं. मावशी नसली तरी चालेल.

तरीही भाव उतरला नाही तर कनेक्शन बंद करायचं आहे असा फोन करावा. विकताना जो दर "सिस्टिममध्येच नाही" असं सांगतात तो बंद करताना सिस्टिममध्ये सापडतो. दुसऱ्या डब्याचं भाडं आहे की तो विकत मिळणार, खराब झाला तर येणाऱ्या माणसाचे पैसे कुणी द्यायचे, आणि मूळ कनेक्शनचं रिचार्ज संपलं तर आतलाही बंद पडतो का, एवढं लेखी घ्यावं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. हॉलचं रिचार्ज मुद्दाम लांबवून आतल्या खोलीची कोंडी करणारे कर्ते पुरुष समाजात आहेत.

ताबा

डबे लागले, वाहिन्या आल्या, पोरगा सही घेऊन गेला, की प्रत्येकाला आपापली खोली दाखवावी आणि रिमोट हाती द्यावा. इथे शेवटची सूचना. एका कंपनीच्या एकाच जातीच्या डब्यांचे रिमोट सारखेच असतात आणि इन्फ्रारेड किरणाला आपला डबा कोणता हे कळत नाही. समोर डबा दिसला की तो ऐकतो. त्यामुळे बेडरूमचा रिमोट घेऊन पॅसेजमध्ये उभं राहिलं आणि नेम धरला, तर हॉलमधली चर्चा बंद करून तिथे कार्टून लावता येतं. नातवंडांना हा शोध पहिल्याच संध्याकाळी लागतो, आजोबांना साधारण महिन्याभराने. तोवर ते कंपनीला फोन करून तक्रार नोंदवत राहतात, पलीकडून "हेवी रिफ्रेश करा" असं सांगतात, आणि ते करतात. हॉलचा डबा दारातून दिसणार नाही असा कोनात ठेवावा. रिमोटवर मार्करने 'बाहेरचा', 'आतला' असं लिहून काही उपयोग होत नाही.