काकवीतली जीप

गंजलेली लष्करी जीप दारात आणून उभी केली की पहिल्यांदा आपलं नाव जातं. आमच्या गल्लीत मी आजवर ‘बँकेतले’ म्हणून ओळखला जात होतो. आता पाहुण्याने रिक्षावाल्याला माझं नाव सांगितलं तर तो मान हलवतो; ‘ते भंगार उभं हाय बघा, त्येच्या समोर’ म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतो. भंगारवाला अधूनमधून बेल वाजवून विचारतो, ‘‘साहेब, ठरलं का?’’ लोखंडाचा भाव वाढला की आवर्जून कळवून जातो. माझ्या जीपच्या किमतीबद्दल इतका जिव्हाळा आमच्या घरातसुद्धा कुणाला नाही.

जीप १९४३ सालची आहे. फोर्ड कंपनीची, मॉडेल जीपीडब्ल्यू. मला ती शिरोळ तालुक्यातल्या एका मळ्यात चिंचेखाली सापडली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मालक व्यवहाराला चोख. म्हणाले, ‘‘आधी कोंबड्यांची सोय काय ते बोला, मग गाडीचं बघू.’’ त्यामुळे या वाहनाच्या खरेदीत खुराड्याचा खर्च धरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांवर इंग्रजीत जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांत हा खर्च कुठेच दाखवलेला नाही.

या गाडीचा जन्मच घाईतला. १९४० साली अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती आणि पहिला नमुना त्यांनी ४९ दिवसांत मागितला. बँटम नावाच्या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने तो वेळेत करून दिला. मग जगरहाटीप्रमाणे मोठं काम तिला मिळालं नाही. ते विलीजला गेलं, आणि एकट्या विलीजला पुरं पडेना म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डनेही जीप काढायला घेतल्या. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या केल्या. ही माहिती मी रात्री जेवताना मोठ्या हौसेने सांगितली. बायकोने त्यातला ४९ हा एकच आकडा लक्षात ठेवला आणि तेव्हापासून योग्य वेळी काढते. ‘‘अहो, त्यांनी नसलेली गाडी ४९ दिवसांत उभी केली. तुमची तर आहे.’’

युद्धासाठी भारतात आलेल्या जीपपैकी पुष्कळशा नंतर इथेच राहिल्या आणि डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आमच्या भागात त्या बागाईतदारांनी घेतल्या. उसाच्या सरीतून, मळीच्या चिखलातून, लग्नाच्या वरातीतून फिरल्या. निवडणूक आली की टपावर कर्णा बांधून ‘ताई, माई, अक्का’ करत गावोगाव हिंडल्या. माझ्या जीपच्या पुढच्या काचेच्या चौकटीला कर्ण्याची पट्टी अजून आहे. शत्रूच्या गोळीची खूण मात्र कुठे नाही. मी बरीच शोधली. एक भोक सापडलं होतं, ते पाण्याचा पाइप न्यायला पाडलेलं निघालं.

जुनी गाडी उभी करणाऱ्यांच्या जगात एकच देव आहे, त्याचं नाव ‘ओरिजिनल’. नटबोल्टसुद्धा ओरिजिनल हवा. फोर्डने आपल्या जीपच्या बारीकसारीक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ ठोकलेला असायचा. तेव्हा खरा भक्त गाडीतला प्रत्येक एफ हुडकून जपतो आणि विलीजचा भाग निघाला तर खड्यासारखा बाजूला काढतो. आता गंमत पाहा. सैन्याने दोन कंपन्यांना एकच आराखडा दिला तो एकीचा भाग दुसरीला बसावा म्हणून. रणात मिस्त्रीला कंपनी बघायला सवड नसते. हाताला लागेल ते बसवायचं आणि गाडी पुढे काढायची. त्यामुळे फोर्डच्या अंगात विलीजचं इंजिन असलेल्या जीप सैन्याच्याच कारखान्यांतून दुरुस्त होऊन बाहेर पडायच्या. माझी तशीच आहे. चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा चौकोनी. माझा चौकोनी आहे, म्हणून अंग फोर्डचं. काळीज विलीजचं. हे स्थळ सैन्याने स्वतः जुळवलेलं, आणि आज सोवळ्यातले लोक माझ्या अंगणात उभं राहून म्हणतात, ‘‘छे छे, ही मिक्स आहे.’’

पण आधी गंज. गंजावर उपाय सांगायला माणसाला काहीही येत असावं लागत नाही, हे मला अंगणात जीप आल्यावर कळलं. तारेच्या ब्रशपासून लिंबापर्यंत सगळं ऐकून झालं. विजेचा उपाय मी स्वतः करून पाहिला. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार जुन्या लोखंडी पट्टीला. बुडबुडे येतात आणि गंज सुटायला लागतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून काम उघड्यावर करायचं. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे दोन्ही मुद्दे मी आईला नीट समजावून सांगितले. तिने पिंप कुठलं ते विचारलं. पापड-कुरडयांचं आहे हे कळल्यावर विज्ञान तिथेच थांबलं.

दुसरा उपाय मात्र आमच्याच मातीतला निघाला. परदेशात हौशी लोक गंजलेले भाग उसाच्या मळीत बुडवून ठेवतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. मळीतले काही पदार्थ गंजातलं लोखंड धरून सोडवून घेतात आणि चांगल्या धातूला फारसा धक्का लावत नाहीत. हे वाचून मी मांडीवर थाप मारली. राहायला कोल्हापुरात, जिकडे तिकडे साखर कारखाने, आणि मळीचं माहात्म्य मला अमेरिकेतल्या कुणीतरी सांगावं! पण मळी म्हणजे दारूचा कच्चा माल. तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचा डोळा असतो. कारखान्यातला मित्र म्हणाला, ‘‘भावा, बोल्ट धुवायला पाहिजे म्हणून सांगशील, कोण विश्वास ठेवणार?’’ शेवटी गुऱ्हाळावरून काकवीचा डबा आणला.

ज्या काकवीत आम्ही लहानपणी गरम घावन बुडवलं तिच्यात मी बोल्ट बुडवले, हे आईने अजून माफ केलेलं नाही. ‘‘पोरांच्या तोंडात घातली असती तर अंगी लागली असती,’’ एवढंच म्हणाली, आणि डबा कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर जुनं पोतं टाकलं. पोत्याचा उपयोग माणसांपुरता झाला. मुंग्यांना आधीच खबर होती. मागोमाग गांधीलमाश्या आल्या. पुढे काकवी आंबली आणि शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, ‘‘काय घालताय काय हो घरात?’’

एके दिवशी सकाळी हात कोपरापर्यंत घालून मी एक बोल्ट बाहेर काढला. वर काळा साय धरल्यासारखा थर होता. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासला तसा तो भराभर निघाला आणि खालून करड्या रंगाचं, कोरं, किंचित खरबरीत लोखंड वर आलं. षटकोनी डोकं. एक कड पान्याने गोल केलेली, म्हणजे कुणीतरी कधीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून जोर केला होता. आणि डोक्यावर बरोबर मध्ये, आडवी रेघ थोडी झिजलेला, एफ. मी तो बोल्ट उन्हात धरून उभा राहिलो. माझ्या जीपचं काम करणारे मिस्त्री चहा पीत बसले होते, त्यांना नेऊन दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिला. ‘‘ह्यात काय एवढं? उद्यमनगरात चला, पाहिजे तेवढ्यांवर एफ मारून देतो.’’ मग माझा चेहरा पाहून, समजूत काढावी तसं म्हणाले, ‘‘जी पण मारू का?’’

उद्यमनगर म्हणजे आमचं कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. ओतकाम, लेथ, मिलिंग, गिअर कटिंग, सगळं एका आरोळीच्या अंतरावर. तिथला कारागीर नमुना हातात घेऊन एकदा फिरवतो आणि ‘परवा या’ म्हणतो. परवा म्हणजे कधी ते विचारायचं नसतं. पण वस्तू मिळते, आणि बहुतेक वेळा मूळच्या वस्तूपेक्षा दणकट मिळते. पंचाईत इथेच होते. मूळची जीप मुळात दणकट करायची नव्हतीच. ती चार माणसांनी चिखलातून उचलावी इतकी हलकी हवी होती. मिस्त्रींना पातळ पत्रा म्हणजे कारखानदाराची चोरी वाटते. ‘‘फसवलंय बघा तुम्हाला फोर्डानं,’’ असं म्हणून त्यांनी जमिनीचा पत्रा दुप्पट जाड घातला. तो मी काढायला लावला. त्या दिवशी ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

बॅटरीच्या दुकानात निराळाच प्रसंग. लष्करी जीपची वीज सहा व्होल्टची. दुकानदाराने मला खालीवर न्याहाळलं. ‘‘सहा? जुनी बुलेट हाय का?’’ जीप म्हटल्यावर त्याने पोराला हाक मारून मला दाखवलं. आमच्या घरच्यांना मात्र या जीपच्या दिव्यांचं कौतुक आहे. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर उलटे वळतात आणि इंजिनावर उजेड पाडतात, म्हणजे रात्री दुरुस्तीला कुणी बॅटरी धरून उभं राहायला नको. आजवर ती बॅटरी माझी बायको धरत आली. फोर्डबद्दल तिने काढलेला हा पहिला चांगला शब्द. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते हे कळल्यावर तो तिने परत घेतला.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात, मूळचे सैनिक टाकळीचे. सकाळी फिरून येताना ते जीपची तपासणी करतात. हात मागे, मान किंचित वाकडी. ‘‘आमचे ईएमईचे जवान प्रदर्शनात अख्खी जीप काही मिनिटांत खोलतात, जोडतात आणि चालवत नेतात,’’ असं त्यांनी एकदा सांगितलं. दुर्दैवाने बायको तिथेच रांगोळी घालत होती. ४९ दिवसांचा आकडा त्या सकाळी बाद झाला.

खरा पेच रंगाशी आला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांची वेगळी सोय झाली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. मग नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आणि गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. बायकोने नीट ऐकून घेतलं.

‘‘म्हणजे मंडईला न्यायची नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘माहेरी?’’

‘‘नाही.’’

‘‘माहेरी रॅली काढली तर?’’

कायद्यालाही ‘ओरिजिनल’च हवं, याचा मला आनंद झाला होता. तो नियम १२१ वाचेपर्यंत टिकला. त्यात म्हटलंय की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. म्हणजे एक नियम सांगतो, गाडी मूळ रूपात ठेव. दुसरा सांगतो, मूळ रंग लावलास तर बघ. फॉर्म भरून देणाऱ्या एजंटला मी हे विचारलं. बराच विचार करून तो म्हणाला, ‘‘पांढरा द्या. पांढऱ्याला कोण काय म्हणत नाही.’’ युद्धाच्या दिवसांतला अमेरिकी रंग तसा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे हिरव्यापेक्षा मातकट तपकिरीकडे झुकणारा. तो आणि ऑलिव्ह ग्रीन एक नव्हेत. पण हा फरक भर दुपारी ताराराणी चौकात हवालदाराला समजावून सांगायची माझी छाती नाही. रंगाच्या दुकानात शेडकार्ड घेऊन बसलो तर दुकानदार म्हणाला, ‘‘मेंदी घ्या. बिलावर मेंदीच लिहितो.’’ सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘रंग सरकारचा आहे. वर्दी उतरल्यावर तो अंगावर ठेवायचा नसतो.’’ त्यांच्यापुढे कोण बोलणार?

तर सध्या जीप रेड ऑक्साइडच्या प्रायमरमध्ये उभी आहे. इंजिन चालू होतं, गिअर पडतात, पहिल्या गिअरला मात्र गाडी थांबवूनच विनवावं लागतं. गल्लीतली पोरं तिला लालपरी म्हणतात आणि मी दिसलो की हात दाखवून ‘इचलकरंजी, इचलकरंजी’ ओरडतात.

आता एक काम वाचकांकडे. माझ्या जीपची पुढची जाळी नाही. ती कुठेतरी गेली, आणि आपल्याकडे लोखंडाचा चांगला पत्रा फुकट जात नसल्याने ती कुठेतरी कामाला असणार. गोठ्याच्या खिडकीला, मोटारीच्या खोलीच्या झरोक्याला, परड्याच्या फाटकाला. पत्र्यात उभ्या फटी आणि दोन्ही बाजूंना दिव्यांची गोल भोकं असली तर फटी मोजा. सात भरल्या तर ती पुढच्या काळातल्या नागरी जीपची आहे, तुमची तुम्हाला लखलाभ. नऊ भरल्या तर मला कळवा. बदल्यात नवी कोरी खिडकी देईन, गजांसकट, उद्यमनगरात करून घेतलेली. आणि हवा असेल तर तिच्यावर एफसुद्धा मारून मिळेल.