मेस्त्री गेले, सल्लागार आले

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट गॉर्डन श्रोत्यांना एक कोडं घालतात. पर्याय दोन. पहिल्यात २००२ सालापर्यंतचं सगळं तंत्रज्ञान तुमचं, शिवाय घरात नळ आणि संडास. दुसऱ्यात त्यानंतरची नवलाईही तुमची, अगदी फेसबुक आणि स्मार्टफोनसकट. पण नळ आणि संडास विसरायचे. श्रोते हसतात, नळ निवडतात आणि गॉर्डन यांचा मुद्दा सिद्ध होतो: मोठे शोध लागून गेले, आता चाललीय ती किरकोळ डागडुजी.

हे कोडं त्यांनी कोल्हापुरात घातलं नाही, हे बरंच झालं. इथं ते कोडं नसून दिनक्रम आहे. काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाइपलाइननं पाणी आणायची योजना २०१३ मध्ये मंजूर झाली आणि पाणी शहराच्या पुईखडी केंद्रात पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत. अंतर सुमारे ५३ किलोमीटर. मंजुरी मिळाली तेव्हा फोनवर थ्रीजी आलं की लोक खूश व्हायचे. पाणी आलं तेव्हा फाइव्हजी येऊन वर्ष उलटलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३. उपसा केंद्रं बुडाली, पाण्यात बुडालेल्या शहराच्या नळाला पाणी नव्हतं, आणि किती फूट किती इंच याचा ताजा आकडा मात्र तासातासाला प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर. गॉर्डनसाहेबांचा दुसरा पर्याय आम्ही न निवडताच घरपोच मिळाला.

मोठे शोध संपल्याच्या चिंतेत इतर गंभीर माणसंही आहेत. अर्थतज्ज्ञ टायलर कोवेन यांनी २०११ मध्ये म्हटलं की हाताला लागणारी फळं तोडून झाली, आता शेंड्यावरचीच उरलीत. अमेरिकेतल्याच काही अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये हिशोब मांडला: चिपवरच्या ट्रान्झिस्टरची दाटी दर दोन वर्षांनी दुप्पट करायला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जितके संशोधक लागत, त्याच्या अठरापटीहून जास्त आता लागतात. एका माणसाच्या कामाला अठरा माणसं! हे वाचून कोणत्याही सरकारी कार्यालयाला ओशाळायचं कारण उरलं नाही.

कोल्हापूरला मात्र एका माणसाच्या कामाची सवय होती. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमासाठी कॅमेरा आणला विलायतेहून. इथं आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतभावांनी ठरवलं की आपणच करू. आडनाव मेस्त्री, धंदा नाटकाचे पडदे रंगवण्याचा. कॅमेरा करणं दिसतं तितकं सोपं नव्हे. फिल्मची एक चौकट खाली ओढायची, ती क्षणभर गच्च धरायची, तेवढ्यात झडप उघडून मिटायची, मग पुढची चौकट. हे सेकंदाला सोळा वेळा, तेही हातानं दांडा फिरवून. फिल्म ओढणारा आकडा केसभर हलला की पडद्यावर अख्खी द्रौपदी थरथरणार. आनंदराव १९१६ मध्येच गेले. बाबूराव आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. या सगळ्यात व्यवहार्यता अहवाल कुणी केला, याची नोंद नाही.

आता खरं बोलायचं तर हा शोध नव्हता. ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्येच पॅरिसमध्ये सिनेमा दाखवला होता. कोल्हापूरकरांनी केली ती नक्कल. पण समोरचं यंत्र बघून त्याच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचं आणि हाताशी असेल त्या सामानात ते पुन्हा उभं करायचं, याच नादावर पुढं इथल्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि फाउंड्र्या उभ्या राहिल्या. आज त्याच शहरात प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला तीन-तीन कॅमेरे आहेत आणि त्यांच्यासमोर द्रौपदीच्या जागी मिसळ असते. कट कसा आहे, तर्री किती, पाव की ब्रेड. नाद खुळा! बाबूरावांना एवढी फिल्म परवडली नसती.

जुनं ते सोनं म्हणून लगेच गळा काढायचंही कारण नाही. राधानगरी धरणाचंच घ्या. शाहू महाराजांच्या काळात, १९०८ च्या सुमारास काम सुरू झालं, पैशाअभावी अडलं आणि पुरं झालं १९५७ मध्ये. त्या मापानं थेट पाइपलाइन म्हणजे बुलेट ट्रेनच. फरक असा की राधानगरी एकदा झालं ते झालं. त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांना वीज लागत नाही, मोटर लागत नाही, पासवर्ड तर नाहीच. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला गेलं की वजनाच्या तोलावर दरवाजा आपसूक उघडतो, पाणी उतरलं की मिटतो. त्या क्षणाची बातमी करायला मात्र ड्रोन, लाइव्ह आणि मागं तुतारीचं संगीत लागतं. दरवाजा उघडतो शांतपणे. अपडेट होतं ते चॅनेल.

आणि ज्याला राज्यभरचे इंजिनिअर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, ते या जिल्ह्याचं खास देणं बघा. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं. मृग यायच्या आत बरगे काढायचे, नदी मोकळी. तंत्र इतकं साधं की त्यात सुधारणा करायला कुणाला जागाच सापडली नाही. नाही म्हणायला, बरगे चोरीला जायला लागले.

इचलकरंजीत तर उलटंच. तिथं १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हा गाव काळाच्या पुढं होतं. आज काही शेडमध्ये धोटा नसलेले एअरजेट माग आहेत, पण शेजारच्याच गल्लीत साधे माग खटखटतायत. त्यातला धोटा इकडून तिकडं फेकला जातो, कांडी संपली की कामगार माग थांबवतो, नवी कांडी घालतो, पुन्हा दांडा ओढतो. जॉन के या इंग्रजानं धावता धोटा काढला १७३३ मध्ये, म्हणजे पानिपतच्या २८ वर्षं आधी. कामगाराच्या खिशातला फोन गेल्या वर्षीचा, हाताखालचं तंत्र पेशवाईतलं. शोधांचा वेग मंदावलाय की नाही, हे त्याच्या वरच्या खिशाला विचारायचं की हाताला, यावर उत्तर ठरतं.

एका क्षेत्रात मात्र कोल्हापुरानं मंदी येऊ दिलेली नाही, ते म्हणजे घोषणा. रेल्वे इथं आली १८९१ मध्ये आणि कोल्हापूर हे तेव्हापासून शेवटचं स्टेशन आहे. पुढं घाट उतरून कोकणात वैभववाडीला जायचं, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. हा मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पाच्या सुमारास कागदावर आला आणि कागदावर तो चांगला रुळलाय. सर्वेक्षण, फेरसर्वेक्षण, सविस्तर अहवाल, सुधारित अहवाल. पूर्वीच्या कामाला मेस्त्री लागायचा. त्याच्या हाताला काळं लागलेलं असायचं आणि काम बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या हे अख्ख्या पेठेला ठाऊक असायचं. आताच्या कामाला सल्लागार लागतो. त्याच्या हाताला काही लागत नाही, आणि शिव्या घालायच्या तर आधी निविदेतला पत्ता शोधावा लागतो.

सगळं जगच असं नव्याच्या शोधात दमलं की ते जातं कुठं? मिलानहून थेट कोल्हापूरला. जून २०२५ मध्ये प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल चालले ते हुबेहूब कोल्हापुरी घालून. भौगोलिक मानांकन २०१९ मध्येच मिळालेलं, पण कार्यक्रमात कोल्हापूरचं नावच नाही. इकडं गदारोळ झाला, तिकडून कबुली आली, आणि वर्ष संपायच्या आत महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून मर्यादित जोड करून घ्यायचं ठरलं. किंमत एका जोडाला आठशे युरोंच्या घरात. आपल्या बाजूनंही नवनिर्मिती झालीच: अस्सल चपलेला आता क्यूआर कोड. चपलेच्या थरांत विंचवाचं बी घालून करकर आवाज काढायची युक्ती ज्या कुणी काढली, त्याचा कोड कुणाकडं नाही.

आठशे युरोंत, आजच्या भावानं, कोल्हापुरात एका तालमीतल्या सगळ्या पैलवानांना करकर वाजणाऱ्या चपला येतील, आणि उरलेल्या पैशांत त्यांना एक वेळचा तांबडा-पांढराही होईल.