पीक एकच, बोटं निराळी

ऑगस्टात कळंब-वाशीकडच्या शिवारात कमरेइतक्या सोयाबीनमध्ये हात उंच करून उभी असलेली माणसं दिसतात. ती पाऊस मागत नसतात, रेंज शोधत असतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याकडची पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. गट क्रमांक निवडा, पीक निवडा, लागवडीची तारीख टाका, रानात उभं राहून फोटो काढा, पाठवा. ॲप सगळ्यांना तेच. तरी सोयरीक जमवण्याआधी पाहुण्याला हे ॲप चालवताना पाच मिनिटं बघून घ्यावं, असं माझं मत आहे.

आमच्या भावकीतले एक दाजी अत्यंत घाईचे. ॲपनं परवानगी मागितली, की ‘दिली!’ म्हणत बोट पुढं. कशाची परवानगी, ते ॲपला ठाऊक. कॅलेंडर ज्या तारखेवर उघडेल तीच तारीख त्यांना मंजूर असते. त्यामुळे सरकारदरबारी त्यांचं सोयाबीन सकाळी पेरलं आणि दुपारी शेंगांना आलं.

अण्णांचं उलटं. ते प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचतात, शेजाऱ्याला विचारतात, पाणी पितात, पुन्हा पहिल्यापासून वाचतात. तोवर रेंज गेलेली असते. पोरं हसतात. पण फेरफारातल्या एका चुकीपायी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या पिढीचं बोट आहे ते, सहजासहजी कुठं टेकायचं नाही.

तात्या लोकेशन चालू करत नाहीत. “आपण कुठं हाय ते ह्याला कशाला सांगायचं?” मग स्वतःच्या रानात उभं राहूनही ते ॲपला सापडत नाहीत. हल्ली फसवणुकीचे फोन इतके येतात, की तात्यांना वेडं ठरवायची माझी तरी हिंमत नाही.

काकूंना मात्र मी मानतो. त्या अक्षरं फारशी वाचत नाहीत. मांडणीवरच्या मिठाच्या बरणीसारखं त्यांनी प्रत्येक बटण जागेवरून लक्षात ठेवलंय. वरून तिसरं, मग खालचं हिरवं. चष्मा न लावता त्या दाजींच्या आधी नोंद उरकतात. फक्त ॲप अपडेट झालं, की घरात कुणीतरी न विचारता भांडी हलवल्यागत त्यांचा संताप होतो. ॲप बनवणाऱ्यांनी हा संताप एकदा जवळून ऐकायला हवा.

गावात एखादा परोपकारीही असतोच. बांधाबांधानं फिरून तो सगळ्यांच्या नोंदी करून देतो आणि त्याची स्वतःची शेवटच्या दिवसापर्यंत राहते.

सातबाऱ्यावर पीक चढतं ते याच नोंदीवरून, आणि हमीभावाच्या खरेदीलाही ती मागतात. तेव्हा मुदतीत नोंद करून टाका. फोन खुशाल दाजींच्या हातात द्या, पण पाठवायच्या आधी लागवडीची तारीख तेवढी स्वतः बघा.